खरी गोम

मराठी भाषेने 'गोम' या शब्दाला दोन अर्थ देऊन ठेवले आहेत. एक गोम म्हणजे तो पुष्कळ पायांचा प्राणी, जो पावसाळ्यात न्हाणीघराच्या मोरीतून वर येतो आणि घरातल्या थोरामोठ्यांना एका उडीत पलंगावर चढवतो. दुसरी गोम म्हणजे एखाद्या प्रकरणात दडलेली मेख. 'सगळं खरं, पण गोम अशी आहे की...' असे म्हणून आपण जी सांगतो ती. या दोन्ही गोमा गेल्या वर्षीच्या श्रावणात मला एकदमच भेटल्या. पहिली साताऱ्याला निघाली. दुसरी इकडे सांगलीत, माझ्याच मनाच्या अडगळीत, चाळीस वर्षे दडून बसली होती.

मी सांगलीच्या एका शाळेत बत्तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. २०१४ साली निवृत्त झाले, तरी मास्तरकी अंगातून जात नाही. अजूनही मंडईत भाजी घेताना एखादा टक्कल पडलेला गृहस्थ 'नमस्कार बाई' म्हणून वाकतो, आणि मी याला कधी काळी बाकावर तर उभे केले नसेल ना, या धास्तीने घाईघाईने 'सुखी राहा' म्हणते. आमच्या नात्यागोत्यात तर माझी ख्याती अशी की, कुणाच्या घरी कोळी जरा मोठा निघाला, की माझा फोन वाजलाच. जणू काही जगातल्या झाडून साऱ्या किड्यांची जन्मपत्रिका मीच मांडली आहे!

त्या रात्री दहाच्या सुमारास साताऱ्याहून वहिनींचा निरोप आला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यापासून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या त्या जुन्या घरात त्या एकट्याच राहतात. वय पंचाहत्तर. मुलगा पुण्याला असतो आणि दर रविवारी 'आई, आता इकडे ये' म्हणतो. वहिनी दर रविवारी 'बघू' म्हणतात. पण मोबाइल मात्र त्यांनी असा आत्मसात केला आहे की, आमच्यासारख्या शिकल्यासवरल्यांनी खाली मान घालावी.

निरोपाबरोबर एक फोटो होता. लोणच्याची रिकामी काचेची बरणी उपडी घातलेली, आणि तिच्या आत काहीतरी लालसर, लांबट, अस्पष्ट. खाली लिहिले होते, 'वन्सं, हे काय आहे? विषारी आहे का? मारू की ठेवू?'

मी उत्तर धाडले, 'गोम आहे.'

लगेच त्यांचा फोन आला. "अहो वन्सं, गोम आहे एवढं मलाही कळतं. पण ही आपली नेहमीची नव्हे. हिचा रंगच काही वेगळा आहे. कामाच्या मावशी म्हणतात, ही माणूस मारते. त्यांनी चप्पल उचललीच होती, मी बरणी घातली म्हणून वाचली. आणि माझं बोलणं फोनवरून ऐकलंन् तिकडे, आता म्हणतो, उद्याच गाडी घेऊन येतो, असल्या घरात राहायचं नाही. तेव्हा मला नक्की सांगा."

म्हणजे पाहा! त्या बरणीत एक गोम नव्हती. त्या गोमेचा जीव होता, वहिनींचे घर होते आणि माझी अब्रूही होती.

मी चष्मा लावून फोटो न्याहाळला. माझी नात बारा वर्षांची आहे. तिने दोन बोटांनी तो फोटो ताणून मोठा केला. जितका मोठा केला तितका तो अधिकच धूसर झाला. सारे अंग तांबूस दिसत होते. पण मागची भिंत पिवळी, बरणीचे झाकण पिवळे, वहिनींची बोटेसुद्धा पिवळी! माजघरातल्या दिव्याने सगळ्यालाच हळद लावली होती. रंग हा प्रकाशाचा ताबेदार असतो, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले असेल. त्या रात्री ते मला पहिल्यांदाच उपयोगी पडले.

"वहिनी," मी म्हटले, "आज काही सांगता यायचं नाही. बरणीखाली एक जाड पुठ्ठा सरकवा, नीट बांधा, आणि सकाळी उजेडात मला चार फोटो पाठवा. एक वरून, एक बाजूने, एक डोक्याचा, एक शेपटाकडचा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, म्हणजे लांबी कळेल. आणि हात लावू नका."

"हात कशाला लावते मी!" वहिनी म्हणाल्या आणि पुठ्ठा म्हणून कुणाची तरी सोनेरी लग्नपत्रिका सरकवून त्या निवांत झोपल्या. मी मात्र जागी राहिले.

सकाळी सातला फोटो आले. अंगणात तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बरणी ठेवली होती. पाऊस उघडला होता, उजेड स्वच्छ होता. आणि त्या उजेडात ती गोम आपला खरा पोशाख घालून बसली होती. डोके शेंदरी. पाय शेंदरी. आणि पाठीवर एक पट्टी शेंदरी, तर दुसरी काळीभोर, निळसर झाक असलेली. पुन्हा शेंदरी, पुन्हा काळी. वाघाचे कातडे पांघरावे तशी.

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. कारण हे चित्र मी पूर्वी पाहिले होते. फोटोत नव्हे. एका प्रयोगवहीत.

ती गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, नोकरीला दोन वर्षे झाली होती आणि आपल्याला सर्व काही येते असे वाटण्याचे ते वय होते. नववीच्या मुलांना मी एक गृहपाठ दिला: आपल्या परिसरातल्या दहा प्राण्यांची चित्रे काढा. मुलांनी आपापल्या परीने गाई, चिमण्या, बेडूक काढून आणले. बहुतेकांनी ते पुस्तकातून उतरवले होते, आणि ते मला मुळीच खटकले नाही. त्या वर्गात जतकडचा एक मुलगा होता. मामाकडे राहून शिकत होता. अंगाने किरकोळ, बोलायला लाजरा. त्याचे नाव मी इथे सांगत नाही. त्याने एक अख्खे पान गोमेला दिले होते. आणि गोम कशी, तर एक खण केशरी खडूने रंगवलेला, पुढचा निळ्या-काळ्या शाईने. असे एकाआड एक, शेवटपर्यंत.

आमच्या पाठ्यपुस्तकातली गोम छापील काळ्या रेघांची होती. मी स्वतः घरात पाहिलेली गोम तपकिरी होती. झाले! मी लाल पेन उचलले आणि त्या पानावर तिरक्या अक्षरांत लिहिले, 'गोमेचा रंग असा नसतो. निरीक्षण करून काढा.' दहापैकी दोन गुण दिले. शिवाय वही वर करून वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "ही गोम आहे की झेंडूची माळ?"

वर्ग खो-खो हसला. तो हसला नाही. रडलाही नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर वर्षभर त्याने हात वर करून काही विचारल्याचे मला आठवत नाही.

निरीक्षण करून काढा! ज्याने निरीक्षण केले होते त्याला, जिने केले नव्हते तिने दिलेला हा उपदेश. चाळीस वर्षांनी साताऱ्याच्या तुळशीकट्ट्यावरून ती झेंडूची माळ माझ्याकडे टकामका बघत होती.

पण आधी वहिनींना उत्तर द्यायला हवे होते. आणि या खेपेला घाईने नव्हे.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. प्रथम पाय. आपण हिला शतपदी म्हणतो, पण शंभर पाय मोजून दाखवणे कठीण. कारण गोमेच्या पायांच्या जोड्या पंधरापासून एकशे एक्क्याण्णवपर्यंत असतात, आणि ती संख्या विषम असते. शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, आणि पन्नास तर सम! दर खणाला पायांची एकच जोडी, हीच गोमेची खूण. स्पर्श झाला की चकलीसारखा वेटोळा होणारा तो गरीब 'पैसा' किडा. त्याला बहुतेक खणांना दोन-दोन जोड्या असतात, आणि तो चावत नाही. मी फोटोतल्या गोमेचे डावीकडचे पाय मोजले. एकवीस. दुप्पट बेचाळीस. नाण्याचा व्यास सत्तावीस मिलिमीटर; गोम साडेचार नाणी भरली, म्हणजे बारा सेंटिमीटर. डोक्याच्या कडेला बारीक मण्यांसारखे डोळे दिसत होते, एकेका बाजूला चार. एकवीस जोड्या आणि चार-चार डोळे म्हणजे स्कोलोपेंड्रा आणि तिची भावंडे, आपल्याकडच्या मोठ्या गोमांचे घराणे.

आता या घराण्यातली ही कोण? आपल्याकडे सर्रास आढळणारी जी गोम, तिला लिनियसने १७५८ साली स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स असे नाव दिले. मॉर्सिटान्स म्हणजे चावरी. तिच्याही पाठीवर गडद पट्टे असतात, पण ते प्रत्येक खणाच्या मागच्या काठाला, पातळाच्या किनारीसारखे. फोटोतल्या गोमेची किनार नव्हती, अख्खा खणच काळा आणि पुढचा अख्खा केशरी. अशा गोमेचे नाव आहे स्कोलोपेंड्रा हार्डविकी. इंग्रज मंडळी तिला टायगर सेंटिपीड म्हणतात. जॉर्ज न्यूपोर्ट या शास्त्रज्ञाने १८४४ साली तिचे वर्णन केले. नाव दिले ते थॉमस हार्डविक यांचे. हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातले अधिकारी. तोफा सांभाळता सांभाळता त्यांनी हिंदुस्थानातले प्राणी गोळा केले आणि इथल्या चित्रकारांकडून त्यांची हजारो चित्रे काढून घेतली. ज्या माणसाच्या नावाने ही गोम ओळखली जाते, त्याने आपल्या देशातल्या चित्रकारांच्या डोळ्यांवर विश्वास टाकला होता. आणि मी? मी माझ्या वर्गातल्या चित्रकाराला दोन गुण दिले होते.

नाव तर सापडले. पण केवळ रंगावरून नाव द्यायचे का? इथे मला पुन्हा कचरायला झाले. कारण रंगाने भल्याभल्यांना चकवले आहे. एकाच जातीच्या गोमा गावोगाव निरनिराळ्या रंगांच्या निघतात. नुकतीच कात टाकलेली गोम फिकट असते, मग हळूहळू गडद होते. आणि संग्रहालयात अल्कोहोलच्या बाटलीत ठेवली, की तिचा रंग उडत जातो. म्हणून जुने शास्त्रज्ञ रंगाकडे फारसे पाहतच नसत. ते पाहत शेवटच्या पायांवरचे बारीक काटे, शिंगांचे किती मणके गुळगुळीत आहेत ते, आणि कुशीवरच्या श्वासरंध्रांचा आकार. यातले पुष्कळसे फोटोत दिसत नाही. काही तर गोम उताणी केल्याशिवाय दिसत नाही, आणि वहिनींना 'तिला जरा उताणी करा' असे सांगण्याची माझी छाती नव्हती.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण पाहा. नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ बी. एस. जांगी यांनी उभी हयात गोमांच्या अभ्यासात घालवली. १९६६ साली त्यांनी भारतीय गोमेवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आपल्याकडची सर्वसाधारण गोम मॉर्सिटान्सहून निराळी आहे असे त्यांचे मत होते, आणि तिला ते अ‍ॅमेझोनिका म्हणत. पुढे १९७५ साली वुर्मली या युरोपीय अभ्यासकाने देशोदेशींचे नमुने तपासून सांगितले की, ही निराळी कुणी नव्हे, मॉर्सिटान्सचाच एक अवतार आहे. आणि आता तर रंग आणि काटे यांच्या जोडीला जनुकेही तपासतात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या जाह्नवी जोशी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले ग्रेगरी एजकोंब यांनी २०१८ साली आपल्या पश्चिम घाटातून नव्या जातीच्या गोमा जगापुढे मांडल्या. त्यांतल्या एकीचे नाव आहे सह्याद्रेन्सिस. आमच्या सह्याद्रीच्या नावाची गोम! याच दोघांनी २०१३ साली दुसऱ्या एका गोमेला जांगींचे नाव दिले होते. आयुष्यभर गोमा मोजणाऱ्या माणसाला याहून चांगले श्राद्ध कोणते?

मग मला सुश्रुताची आठवण झाली. दादांच्या कपाटातून आणलेली सुश्रुतसंहिता माझ्याकडे होती. कल्पस्थानात विषारी किड्यांचा विचार आहे. तिथे शतपदीचे आठ प्रकार सांगितले आहेत. आणि त्यांची नावे बहुतेक रंगांवरूनच! काळी, पिवळी, तांबडी, पांढरी, कपिल रंगाची. आणि त्यांतच एक 'चित्रा' आणि एक 'अग्निप्रभा'. ज्याने कोणी ही यादी केली, त्याने दगड उलटून पाहिले होते. 'गोमेचा रंग असा नसतो' असे तो कुणाला म्हणाला नसता.

शेवटी, आमच्या शेजाऱ्यांची एक भाची पुण्याला प्राणिशास्त्रात संशोधन करते, तिला मी चारही फोटो पाठवले. तिचे उत्तर दुपारी आले. एकाआड एक काळे-केशरी खण इतके स्पष्ट आहेत की, ही हार्डविकीच म्हणता येईल. पण फोटोवरून नाव देताना आम्ही 'बहुधा' हा शब्द जोडतो, असेही तिने लिहिले होते. त्या 'बहुधा'ने मी थोडी वरमले. बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत हा शब्द मी किती वेळा वापरला असेन? उत्तर बरोबर किंवा चूक. शेरा लाल किंवा लाल.

मी वहिनींना फोन केला. सांगितले की, ही वाघीण गोम आहे. विषारी आहे, कारण सगळ्याच गोमा विषारी असतात. शेपटीने डंख मारत नाही. तोंडाखालचे नखांसारखे दोन आकडे म्हणजे तिच्या पायांचीच एक जोडी, तिनेच ती विष टोचते. चावली तर विलक्षण आग होते, सूज येते. जखम धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्याने शेकावे, आणि लहान मूल असले किंवा घाबरे वाटले तर डॉक्टर गाठावा. पण माणूस दगावणे ही फार क्वचितची गोष्ट. ती आपल्या मागे लागत नाही. तिला झुरळे हवी असतात, माणसे नव्हे.

"म्हणजे माझी झुरळं खात होती ती?" वहिनी म्हणाल्या. "आणि हिला मारायला निघाले होते सगळे!"

मी आणखी एक गोष्ट सांगितली. या घराण्यातली मादी अंडी घातली की त्यांच्याभोवती विळखा घालून बसते. पिले बाहेर येऊन हिंडूफिरू लागेपर्यंत बहुधा काही खातही नाही. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून ती त्यांना सारखी साफ करत राहते.

फोनवर क्षणभर शांतता झाली. मग वहिनी म्हणाल्या, "आणि मोठी झाली की जातात पुण्याला."

पुतण्या गाडी घेऊन आला खरा, पण रिकामीच परत घेऊन गेला. न्हाणीघराच्या मोरीला त्याने जाळी बसवून दिली आणि परसातला जुन्या विटांचा ढीग हलवला. वहिनींनी बरणी आणि लग्नपत्रिका त्याच्याच हातात दिली. गड चढणीच्या वाटेला घरांपासून लांब एका दगडाच्या कपारीशी दोघांनी ती उघडली. 'लग्नपत्रिकेवरून वऱ्हाडी निघावी तशी ठुमकत गेली,' असे वहिनींनी मला कळवले.

एक गोम मार्गी लागली. दुसरी राहिली होती.

१९८५ साली दहावी झालेल्या मुलांचा मोबाइलवर एक गट आहे, हे मला ठाऊक होते. त्यातल्या एकाकडून मी त्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा कसला, पंचावन्न वर्षांचा गृहस्थ! दहावीनंतर शिक्षण सोडून तो गावाकडे गेला होता. आता त्याची कवठेमहांकाळच्या बाजूला द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. फोन उचलताना माझा हात कापत होता, हे कबूल करते.

"बाई? खरंच बाई बोलताय?" पलीकडून आवाज आला. मी म्हटले, एक फोटो दाखवायचा आहे. तो म्हणाला, "मंगळवारी बेदाण्याच्या सौद्याला सांगलीत येतोय. घरीच येतो."

मी वहिनींचा तो वरून काढलेला फोटो मोठा करून कागदावर छापून आणला. मंगळवारी तो आला. डोक्याला टोपी, हातात दोन किलो बेदाण्याची पिशवी. पाया पडायला वाकला. मी म्हटले, "आज नको. आधी हे बघ."

त्याने फोटो हातात घेतला आणि हसला. "ही तर चितरी! आमची आज्जी चितरी म्हणायची हिला. वळचणीच्या दगडाखाली असायची."

चितरी. सुश्रुताची चित्रा. दोन हजार वर्षांचे अंतर एका आज्जीने एका अक्षरात बुजवले होते.

मी म्हटले, "तू नववीत हिचं चित्र काढलं होतंस. मी त्यावर काय लिहिलं, आठवतं?"

"आठवतं की," तो म्हणाला. जमिनीकडे बघत त्याने माझे वाक्य शब्द न चुकवता म्हणून दाखवले. माझे तिरके अक्षरसुद्धा त्याच्या आवाजात उमटल्यासारखे वाटले.

"चूक माझी होती रे," मी म्हटले. "मी पाहिलं नव्हतं. तू पाहिलं होतंस."

"जाऊ द्या बाई. लई जुनी गोष्ट." तो ओशाळला. मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हाला म्हायती न्हाई, पण मी आणली होती ती."

"काय आणली होतीस?"

"गोम. पुढच्या सोमवारी. रविवारी गावाला गेलो, दगड उलथून शोधली, आन् तमाखूच्या डबीत घालून आणली. म्हटलं, बाईंना दाखवू. दिवसभर दप्तरात हुती. तुमचा तास झाला. तुम्ही 'कुणाला काही शंका?' म्हणून इचारलं बी. पण हात वर झाला न्हाई."

मला बोलवेना. थोड्या वेळाने मी विचारले, "मग तिचं काय केलंस?"

"काय करणार? शाळा सुटल्यावर आयर्विन पुलाखाली सोडली."

कृष्णेवरचा तो पूल मी रोज ओलांडते. २००५ चा, २०१९ चा महापूर मी त्याच्या अंगाखांद्यावर पाहिला. पण त्याच्याखाली माझ्यासाठी आणलेला एक पुरावा सोडून दिला होता, हे मला चाळीस वर्षे कुणी सांगितले नव्हते. आणि 'कुणाला काही शंका?' हे मी किती सहज विचारीत असे!

मी चहा ठेवायला उठले. खरे म्हणजे तोंड लपवायला उठले. परत आले तेव्हा तो चष्मा लावून फोटो खिडकीशी उजेडात धरून बसला होता. अगदी तन्मय होऊन. पंचावन्न वर्षांच्या त्या चेहऱ्यात मला नववीतला मुलगा दिसला.

"बाई," तो म्हणाला, "हिचा उजव्या अंगाचा एक पाय बारका हाय बघा. मागनं सातवा."

"छे," मी म्हटले, "मी मोजलेत. एकवीस जोड्या."

"मोजायला बरोबर हाय. पण ह्यो आखूड हाय."

मी भिंग आणले. मागून सातवा पाय. इतरांच्या निम्म्याने आखूड, रंगाने फिकट. मी डावीकडचे मोजून दुप्पट केली होती. उजवी बाजू मी पाहिलीच नव्हती! गोमेचा पाय तुटला तर पुढे कात टाकताना तिथे नवा फुटतो. पहिल्यांदा तो लहानच असतो. हे मी मुलांना शिकवले होते, पण पाहिले नव्हते.

"मोडला हुता," तो म्हणाला. "नवा फुटतोय. तरी चालायची काय थांबली न्हाई."

मी टेबलाचा खण उघडला. फोटो उलटा केला आणि पाठीवर तारीख घातली, सातारा लिहिले. खाली लिहिले, 'निरीक्षण: उजवीकडचा मागून सातवा पाय आखूड, नव्याने फुटलेला.' आणि त्याखाली निरीक्षकाचे नाव म्हणून त्याचे पूर्ण नाव घातले, हजेरीपटात होते तसे.

तो शेजारी उभा राहून बघत होता.

"बाई, तांबड्याच पेनानं?"

"अरे, या घरात दुसरं पेन सापडेल तर शपथ," मी म्हटले.